कूलर सुरू आहे, तरी हवा गार का येत नाही?

होळी झाली की खानदेशात कूलर माळ्यावरून खाली उतरतात आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास तक्रारी सुरू होतात. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर चढला की कूलरवाल्याकडे रांग लागते. त्या रांगेतल्या बऱ्याच कूलरना दुरुस्तीची गरजच नसते. दोष असतो तो बंद खिडकीचा, सुकलेल्या गवताचा किंवा गवतावर पाणी सोडणाऱ्या वरच्या पन्हळीच्या बुजलेल्या भोकांचा. म्हणून पैसे खर्च करण्याआधी खालच्या क्रमाने तपासा. बिनखर्चाची कामं आधी घेतली आहेत, खर्चाची नंतर.

आधी आपल्या कूलरची तक्रार नेमकी कोणती ते ओळखा.

- वारा भरपूर आहे, पण गरम. शंका पाण्याची: पंप, भोकं, गवत.
- सुरू केल्यावर अर्धा तास बरं वाटतं, मग अंग चिकट होतं, चादर ओलसर लागते. शंका खिडकीची.
- हवा गार आहे, पण पलंगापर्यंत पोचत नाही. शंका पंख्याची किंवा व्होल्टेजची.
- हवा गार आहे, पोचतेही, तरी डोकं तापतं. शंका छताची.
- कुबट, मासळीसारखा वास. शंका साचलेल्या पाण्याची.
- तोंडावर पाण्याचे शिंतोडे. गवत फाटलंय किंवा पाणी गरजेपेक्षा जास्त सुटतंय.
- पत्र्याला हात लावला की झिणझिण्या. इथे पुढचं काहीच तपासायचं नाही. कूलरला हात न लावता आधी बोर्डावरचं बटण बंद करा, मग प्लग काढा आणि वायरमनला बोलवा. लोखंडी कूलर, ओली फरशी आणि अनवाणी पाय यांनी उन्हाळ्यात जीव जातात. पोरांना त्या खोलीतून बाहेर काढा.

कूलर नेमकं काय करतो

एवढं एक समजलं की पुढची प्रत्येक तपासणी आपोआप समजते. कूलर थंडी तयार करत नाही, तो पाण्याची वाफ करतो. वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती उष्णता पाणी समोरून येणाऱ्या हवेतून घेतं. पाण्याचं तापमान न वाढता ही उष्णता त्यात मुरते, म्हणून तिला अप्रकट उष्मा म्हणतात. माठ याच कारणाने पाणी गार ठेवतो. जुन्या माठाची छिद्रं क्षारांनी बुजली की तो पाझरत नाही आणि पाणी गार होत नाही. कूलरचं गवत क्षारांनी भरलं की त्याचंही तसंच होतं.

आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना हवेतून सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता निघून जाते. घरचा मध्यम कूलर कोरड्या दुपारी तासाला ५ ते १० लिटर पाणी पितो. ८ लिटर धरले, तर तो हवेतून साधारण सव्वापाच किलोवॉट दराने उष्णता काढतो, म्हणजे दीड टनी एसीच्या बरोबरीने. यातला मोठा वाटा बाहेरची झळ निवळण्यातच खर्च होतो, त्यामुळे खोली एसीसारखी गार होत नाही, पण ताकद कमी नाही. वाफ थांबली की ही सगळी ताकद गेली आणि उरला तो नुसता पंखा.

पहिली तपासणी: खिडकी (खर्च शून्य)

कूलर लावला की दारं-खिडक्या बंद करायची सवय एसीमुळे लागली. कूलरला ती मारक आहे. बारा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंच खोलीत साधारण ४० घनमीटर हवा असते. ३० अंशांना ही हवा वाफ धरून धरून सव्वा लिटर पाण्याइतकी धरते, आणि त्यातली थोडी तिच्यात आधीच असते. तुमचा कूलर तासाला आठ लिटर ओततो. खोली बंद असेल आणि कूलर आतच ठेवलेला असेल, तर पंधरा मिनिटांच्या आत हवा वाफेने भरून जाते. मग गवतावरचं पाणी उडायला जागाच उरत नाही, आणि घामालाही नाही. अंग चिकट होतं ते यामुळे.

कूलरचं तोंड आत आणि पाठ बाहेर हवी. हवा बाहेर पडायला कूलरच्या समोरच्या बाजूला, निदान दोन चौरस फूट वाट मोकळी हवी. वाट पुरेशी आहे का, ते अगरबत्तीने कळतं. उघड्या खिडकीच्या फटीशी धूर धरा. धूर झपाट्याने बाहेर ओढला गेला तर ठीक. तो तिथेच घुटमळत असेल, किंवा दार लावताना आतून वाऱ्याचा दाब जाणवत असेल, तर खिडकी आणखी उघडा. मधल्या खोलीत गारवा हवा असेल तर कूलरच्या खोलीची खिडकी लावून मधल्या खोलीची उघडायची. हवा जिथून बाहेर पडते, त्या वाटेवरच गारवा मिळतो.

दुसरी: गवतावर हात (खर्च शून्य)

पंप आधी सुरू करा, पंखा दहा मिनिटांनी. मग पंखा आणि पंप दोन्ही बंद करून प्लग काढा आणि तिन्ही जाळ्या उघडा. गवतावर वरपासून खालपर्यंत, कोपऱ्यांसकट तळहात फिरवा. सगळीकडे सारखं ओलं लागलं पाहिजे.

सुका पट्टा दिसला तर तो किरकोळ समजू नका. सुक्या गवतातून हवेला अडथळा कमी असतो, म्हणून हवा तिथूनच जास्त घुसते. बाहेर ४४ अंश आहे आणि ओल्या भागातून हवा २८ अंशांवर येते असं धरा. गवताचा चौथा हिस्सा सुका असला तरी मिसळलेली हवा ३२ अंशांवर जाते. चार अंश एका सुक्या पट्ट्याने खाल्ले.

याहून वाईट फट वरच्या कडेला असते. पाण्याने जड झालेलं गवत दोन-तीन आठवड्यांत खाली बसतं आणि जाळीच्या वरच्या बाजूला दोन बोटं, कधी चार बोटं मोकळी जागा पडते. बाहेरून जाळी झाकलेली असल्याने ती दिसत नाही. जाळी उन्हाकडे धरून आतून बघा, उजेड थेट आला तर फट आहे. तिथे मूठभर नवं गवत कोंबा आणि सुतळीने जाळीला तीन-चार ठिकाणी टाके घाला. दहा मिनिटांचं काम आहे आणि फरक लगेच कळतो.

तिसरी: जागा आणि छत

कूलरची पाठ पश्चिमेला असेल तर दुपारनंतर ऊन थेट जाळीवर आणि टाकीवर पडतं. वरून हातभर पुढे येईल असा आडोसा करा, पण जाळीला चिकटून पोतं बांधू नका. त्याने हवा अडते. जाळी आणि भिंत यांत निदान दीड फूट अंतर ठेवा. एसीचा बाहेरचा डबा शेजारी असेल तर त्याची गरम फूक कूलर ओढत नाही ना, ते बघा.

धाब्याच्या घरात तोच कूलर चांगला वाटतो आणि पत्र्याच्या घरात निकामी, ही तक्रार खरी आहे, पण दोष कूलरचा नसतो. तापलेला पत्रा वरून उष्णता फेकतो, ती हवेतून न येता सरळ अंगावर पडते. कूलर हवा गार करतो, पत्रा नाही. पत्र्यावर बाहेरून चुन्याचा दाट पांढरा हात मारा. आतून दोन-चार इंच मोकळी जागा सोडून छत बांधलं तर आणखी बरं. वर पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) किंवा कडबा पसरायचा मोह टाळा. मे महिन्यात वाळलेल्या पऱ्हाटीला एक ठिणगी पुरते.

चौथी: पाण्याची वाट

प्लग काढलेलाच ठेवा. टाकीतला पंप बाहेर काढून खालची जाळी बघा. गवताचा चुरा, पिसं आणि हिरवं शेवाळ तिथे अडकतं. जाळी काढून आतली छोटी चक्री बोटाने फिरवा. अडकत असेल तर दाताच्या जुन्या ब्रशने साफ करा. पंपापासून वर जाणारी नळी सुटलेली किंवा दुमडलेली नाही ना, ते पाहा.

मग वरच्या पन्हळीतली भोकं. खानदेशात बऱ्याच ठिकाणी बोअरचं पाणी जड आहे, त्यामुळे भोकांच्या कडेला पांढरी कडी जमते आणि भोक दाण्याएवढ्यावरून सुईएवढं होतं. सायकलच्या स्पोकचा तुकडा घालून एकेक भोक मोकळं करा. कामाच्या शेवटी पंप चालवून बघा: प्रत्येक भोकातून पाणी पडलं पाहिजे. एका टोकाला पडतं आणि दुसऱ्या टोकाला नाही, असं असेल तर कूलर तिरका उभा आहे. पायाखाली फरशीचा तुकडा सरकवा.

पाणी पातळीखाली गेलं की पंप हवा ओढतो, घरघरतो आणि कोरडा चालून जळतो. जळालेला पंप दुरुस्त करत बसू नये, साधा नवा पंप काही शे रुपयांत मिळतो. नवा घेताना त्याच्यावर लिहिलेली पाणी चढवण्याची उंची टाकीच्या तळापासून पन्हळीपर्यंतच्या उंचीपेक्षा जास्त आहे ना, ते पाहा. मोठ्या लोखंडी कूलरला छोटा पंप बसवला की वरच्या कडा कायम सुक्या राहतात. वायर जोडणं जमत नसेल तर तेवढं वायरमनकडून करून घ्या. जोड पाण्याच्या पातळीच्या बराच वर हवा.

पाचवी: दोन थर्मामीटर

दीड-दोनशे रुपयांत भिंतीवरचे दोन साधे थर्मामीटर येतात. ते घेतले की अंदाज बांधण्याची गरज उरत नाही.

एक थर्मामीटर कूलरच्या पाठीमागे सावलीत लटकवा. हे कोरडं तापमान. दुसऱ्याच्या फुग्याला जुन्या धोतराचा ओला तुकडा गुंडाळून तिथेच, वारा लागेल असा, पाच मिनिटं ठेवा. हे ओलं तापमान. त्यानंतर कापड काढून, पुसून तोच थर्मामीटर कूलरच्या तोंडासमोर धरा.

समजा कोरडं ४३, ओलं २३ आणि कूलरची हवा २८. फरक २० अंशांचा होता, कूलरने १५ अंश उतरवले, म्हणजे ७५ टक्के काम झालं. ताजं, नीट भिजलेलं गवत ७० ते ८० टक्के काम देतं, चांगला हनीकोम्ब पॅड (गवताऐवजी बसवतात तो मधाच्या पोळ्यासारखा कागदी पॅड) ८० ते ९०. तुमचा आकडा ६० च्या खाली आला तर दोष नक्की भिजण्यात किंवा फटीत आहे, दुसरी-चौथी तपासणी पुन्हा करा. आकडा चांगला आला आणि तरी खोली गार नाही, तर खिडकी, छत किंवा पंखा. ओल्या तापमानाच्या खाली मात्र कूलर कधीच जाऊ शकत नाही, कितीही महागाचा असो.

आणखी एक झटपट खूण: तासभर चालल्यावर टाकीतल्या पाण्याचं तापमान मोजा. ते ओल्या तापमानापेक्षा एक-दोन अंशांनी जास्त असेल तर वाफ नीट होतेय. सात-आठ अंशांनी जास्त असेल तर गवत काम करत नाही किंवा टाकीवर ऊन पडतंय.

मृग लागला की हेच थर्मामीटर वेगळी गोष्ट सांगतात. कोरडं ३४, ओलं २८ दाखवतात. उतरायला जागाच सहा अंशांची, त्यातले चार-साडेचार कूलर उतरवतो आणि हवा दमट करून ठेवतो. हा बिघाड नाही, हवामान आहे. फरक ७ अंशांच्या खाली आला की पंप बंद करा, नुसता पंखा चालवा, आणि या दिवसांत नवं गवत घेऊ नका.

बर्फाबद्दल

टाकीत बर्फाची लादी टाकण्याने पैसे जातात, गारवा येत नाही. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो, त्याचं पाणी पुढे २५ अंशांपर्यंत तापताना आणखी साधारण १०५. मिळून ४४० च्या आसपास. एवढीच उष्णता फक्त १८० मिलिलिटर पाण्याच्या वाफेने जाते, म्हणजे पाण्याच्या एका पेल्याने! तासाला आठ लिटर उडवणारा कूलर तेवढं काम दीड मिनिटाच्या आत करतो. पाच किलोची लादी म्हणजे सात मिनिटांची सोय. वितळायला लागणारी उष्णता आणि वाफ व्हायला लागणारी उष्णता यांत हा असा फरक आहे. तो बर्फ पन्ह्यात घाला.

उलट, गच्चीवरच्या काळ्या टाकीचं ४५ अंशांचं पाणी भरलं म्हणूनही घाबरायचं कारण नाही. ४० लिटर पाणी कूलरमध्ये फिरताना स्वतःच गार होतं, त्याला पहिली १०-१५ मिनिटं जातात. त्यानंतर बॉलकॉकमधून थोडंथोडं गरम पाणी येत राहिलं तरी नुकसान चार टक्क्यांच्या आत. पंप आधी आणि पंखा नंतर सुरू करायचा तो यासाठीसुद्धा.

सहावी: क्षार

कूलरचं आयुष्य इथे संपतं, म्हणून इथे सर्वात जास्त लक्ष हवं. वाफ होते ती शुद्ध पाण्याची, क्षार मागे राहतात. ४० लिटरची टाकी, तासाला ८ लिटर, रोज ८ तास. आठवड्यात साडेचारशे लिटर पाणी उडून गेलं आणि त्या सगळ्याचे क्षार त्याच ४० लिटरमध्ये आणि गवतावर राहिले. टाकीतलं पाणी मूळ पाण्याच्या बारापट खारट होण्याच्या वाटेला लागतं, तेवढं धरवत नाही म्हणून क्षार गवतावर दगडासारखे बसतात. वर नुसतं पाणी भरत राहणारा माणूस गवतावर चुनखडी चढवत असतो.

उपाय एकच: टाकी दर दोन-तीन दिवसांनी पूर्ण रिकामी करणे. नळाला आठवड्याने पाणी येणाऱ्या गावात हे सांगणं जड वाटतं, पण हे पाणी वाया जात नाही, फरशी आणि संडास धुवायला चालतं. झाडांना घालू नका, क्षार मातीत जातात. पाणी फारच कमी असेल तरी आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून, तळ घासून, सुकवायचीच. कोरडा दिवस तो हाच. डेंग्यूच्या डासाची अंड्यापासून डासापर्यंतची वाढ साधारण आठवडा-दहा दिवसांत होते, आणि कूलरची टाकी त्याची आवडती जागा आहे.

हनीकोम्ब पॅडवर पांढरा थर असेल तर दहा लिटर पाण्यात २०० ग्रॅम लिंबूसत्त्व, म्हणजे किराण्यात मिळणारं सायट्रिक ॲसिड, विरघळवून पॅड त्यात अर्धा ते एक तास ठेवा. थरावरून बारीक बुडबुडे वर येतात. ते येत आहेत तोवर क्षार सुटतोय, थांबले की काढा. साध्या पाण्याच्या हलक्या धारेने धुवा. ब्रशने खरवडू नका, पॅड कागदाचा असतो, त्याचे थर सुटतात. संडास साफ करायचं ॲसिड तर मुळीच नको. ते टाकीचा पत्रा खातं आणि त्याचा धूर छातीत जातो. लाकडाच्या गवताला ही मेहनत करण्यात अर्थ नाही, ते दर हंगामाला बदला. बोटांनी चुरगळल्यावर कडकडा मोडलं की ते संपलं.

वासावर वेगळा इलाज लागत नाही. रोज बंद करताना आधी पंप बंद करा आणि पंखा १५-२० मिनिटं चालू ठेवा. गवत सुकतं आणि कुबट वास धरत नाही.

सातवी: पंखा

पाठीमागच्या जाळीला वहीचा कागद लावा. तो चिकटून राहिला पाहिजे. गळून पडला तर हवा ओढली जात नाही, उडून गेला तर पंखा उलटा फिरतोय. मोटर भरून आणल्यावर जोडणी उलटी झाली की हे होतं.

संध्याकाळी पंखा मंद होतो आणि पहाटे ठीक चालतो, तर व्होल्टेज तपासा. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो: २३० ऐवजी १८० मिळाले तर जोर ६० टक्क्यांवर येतो. दिवसभर मंद असेल, किंवा हाताने ढकलल्यावरच सुरू होत असेल, तर कंडेन्सर कमकुवत झालाय किंवा बुश घासलाय. कंडेन्सर स्वस्त आहे, पण बंद केल्यावरही त्यात वीज साठून राहते, म्हणून तो वायरमननेच बदलावा. नवा तेवढ्याच मायक्रोफॅरॅडचा असावा.

इथे थांबा

वायरला हात लावायची वेळ आली की घरचं काम संपलं. पुढच्या गोष्टींत उशीर नको: पत्र्याला करंट, आरसीसीबी (करंट गळाला की आपोआप वीज तोडणारा स्विच) पुन्हा पुन्हा पडणं, मोटरमधून जळका वास किंवा धूर, पंखा गुणगुणतो पण फिरत नाही, टाकीचा तळ गंजून पाणी वायरीपर्यंत आलंय. आरसीसीबी पडते म्हणून ती काढून टाकणारा माणूस भेटला तर त्याला घरी घेऊ नका. टेस्टर पेटला नाही म्हणजे सुरक्षित आहे, असंही समजू नका.

वायरमन आला की त्याच्याकडून तीन कामं एकदमच करून घ्या. सॉकेटच्या तिसऱ्या भोकाला खरंच अर्थिंग आहे का, ते मोजणे. पत्र्याच्या बॉडीला अर्थची वायर स्क्रूने पक्की करणे. कूलरच्या लाइनवर ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी नसेल तर बसवणे. त्याला तुमचे तीन आकडे सांगा: कोरडं, ओलं आणि कूलरची हवा. खिडकी, गवत आणि भोकं तपासून झाली आहेत हेही सांगा, म्हणजे तो थेट मोटरपासून सुरुवात करेल.